फोनवरून काढलेली धार

मंडळी, आज सकाळी अक्कानं इथे शहरात, मारतहळ्ळीतल्या माझ्या किचनमध्ये उभं राहून गाईची धार काढली!

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती कृष्णेतल्या बेटावर राहते. चार गाई, पंधरा शेळ्या, आणि ये-जा फक्त होडीनं. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती इथे आली आणि कालपासून गौरी गाय दूधच देईना. दाजी घाबरले. कास सुजली तर डॉक्टर पोचणार कधी?

अक्का फोनवर म्हणाली, "अहो, मला स्पीकरवर टाका आणि बसा धारेला." मग डोळ्यावर पट्टी, ओट्याला टेकून, गौरीशी बोलू लागली. "गौरे, बाळा, मी आहे ना. सोड गं स्वल्प, थोडंसं."

पलीकडे बादलीत धार वाजली.

मी रोज ऑफिसच्या आठ कॉलवर बोलते. माझ्या आवाजासाठी कुणी असं अडून बसलंय का, हे दुपारपासून आठवतेय. तुमच्यासाठी बसतं कुणी?