ओटीवर बसलेल्याला पाणी

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी आयुष्यभर प्रवास केला तो दोनच कारणांनी, देव नाहीतर मयत. हे त्यांचंच म्हणणं. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला, डोंगराच्या अर्ध्यावर आमची वाडी आहे. शिमगा झाला की दरवर्षी वाडीतल्या बायकांची गाडी देवदर्शनाला निघते आणि ती नेतात आमचे चुलत सासरे. सगळी वाडी त्यांना आबा म्हणते. पुढच्या सीटवर आबा, मागे आम्ही. कुठं जायचं ते आबा ठरवणार, कुठं चहाला थांबायचं तेही आबाच ठरवणार. आम्ही रांगेत उभं राहायचं, हात जोडायचे, प्रसाद पदरात बांधायचा आणि परत यायचं. देवाबद्दल माझी काही तक्रार नाही. आबांबद्दल होती.

मी अंगणवाडीत शिकवते, त्यामुळे बचत गटाच्या बैठकीत पहिलं तोंड माझंच उघडतं. हिच्या जिभेला हाड नाही असं सासरी म्हणतात, आणि ते खोटं नाही. दोन वर्षांमागच्या बैठकीत मी म्हटलं, यंदा गोव्याला जाऊ. मुंबईच्या भाचीने मोबाइलवर पणजीच्या जुन्या वस्तीचे फोटो पाठवले होते. पोर्तुगीज राज्याच्या वेळची घरं, निळी, पिवळी, गेरूच्या रंगाची. वर कौलं, मधे चिंचोळ्या गल्ल्या, खाली खाडी आणि खाडीच्या तोंडाशी समुद्र. देऊळ नाही, नवस नाही, नुसतं गाव बघायचं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. देव नसेल तर घरी सांगायचं काय, असं एकीनं विचारलं. तेव्हा बैठकीत कधीच न बोलणाऱ्या आमच्या जाऊबाई बोलल्या.

"जिथं हात जोडायला लागनार नाय, अशा गावाला मला एकदा जायचं हाय."

लगेच गटाच्या वहीत गोवा लिहिलं गेलं.

आबांनी ऐकलं आणि ते हसत सुटले. माणसं घरं बघायला गोव्याला जातात हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, म्हणाले, घरं काय वाडीत नायत? आणि ती घरं लोकांची. आत कोण घेणार तुम्हाला? रस्त्यावरनं भिंती बघाल नि परत याल. हे सगळं चारचौघांत, गावच्या देवळाच्या कट्ट्यावर बसून. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, आत जाऊन, बसून, घर बघून येऊ. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

आबांनी तिथल्या तिथं पैज लावली. एका जरी घरानं आम्हाला आत घेतलं तर यापुढे गाडी कुठं न्यायची ते बायका ठरवतील, गाडी आबा करून देतील आणि स्वतः घरी बसतील. नाही घेतलं तर पुन्हा देवदर्शन आणि पुन्हा पुढच्या सीटवर आबा. साक्षीदार भरपूर होते, त्यामुळे मला माघार घ्यायला जागा राहिली नाही.

काशेडीचा बोगदा ओलांडला तेव्हाच गाडीत गाणी सुरू झाली. आबा घरी राहिले होते, त्यामुळे पुढच्या सीटवर आम्ही जाऊबाईंना बसवलं होतं. सुरुवातीला त्या अंग चोरून बसल्या, खेड गेल्यावर ऐसपैस झाल्या, आणि चिपळूण यायच्या आत ड्रायव्हरला चहाला कुठं थांब ते सांगायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जुन्या वस्तीत शिरलो. फोटोत होतं तसंच सगळं होतं, उलट जास्तच. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले, कौलांवर मातीचे कोंबडे, गॅलरीच्या लोखंडी जाळीला वेली. एवढे रंग कुणी घराला देतं याचंच आमच्या बायकांना नवल. आमच्याकडे घराला एकदा चुना लागला की पोरीच्या लग्नापर्यंत बघायला नको. पण मला कसलं सुचतंय? माझा डोळा प्रत्येक दारावर. एका फाटकाशी उभ्या असलेल्या गृहस्थांना मी जरा आत बघू का म्हणून विचारलं, त्यांनी मान हलवून दार ओढून घेतलं. एका घरात आत टेबलं मांडलेली दिसली. मी आनंदाने पाय टाकणार, तर जाऊबाई म्हणाल्या, हे हाटेल हाय, हाटेलात कोनपन आत घेतो, ते धरायचं नाय. मोठी खरी बाई. उन्हं डोक्यावर आली आणि मला आबांचं हसणं ऐकू यायला लागलं.

गल्लीच्या वळणावर एक गडद निळं घर होतं. दाराबाहेर दोन पायऱ्या आणि दोन्ही अंगांना बसायचे कट्टे, वर छोटं छप्पर. टोप्या घातलेली शहरातली चार-पाच पोरं-पोरी तिथं पायरीवर पाय टाकून, दाराला टेकून फोटो काढत होती. वरची खिडकी उघडली आणि एका म्हाताऱ्या बाईने त्यांना असं झापलं की पोरं चपला सावरत पळाली. भिंतीवर इंग्रजीत पाटी होती. मी वाचली: फोटो काढू नका, पायरीवर बसू नका. वाचून मागे वळते तर काय, थोरल्या जाऊबाई त्याच कट्ट्यावर मांडी घालून बसलेल्या, आणि बाकीच्या त्यांच्या शेजारी जागा करून घेतायत.

मी कपाळावर हात मारला. पण त्यांचंही चुकलं कुठं? आमच्या डोंगरात चालून दमलेला माणूस वाटेतल्या पहिल्या घराच्या ओटीवर बसतो. विचारत नाही, ओळख सांगत नाही. तो बसला की घरातून पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा बाहेर यायचाच. ज्या घरानं ओटीवरच्या माणसाला पाणी दिलं नाही त्या घराला सोयरिकीला कुणी विचारत नाही. जाऊबाईंना ओटी दिसली, पाय दुखत होते, त्या बसल्या.

दार उघडलं. बाई बाहेर आली. फुलाफुलांचा झगा, पांढरे आखूड केस, हातात खराटा. मी इंग्रजीत सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात जाऊबाईंनी मान वर करून सांगितलं,

"बाय, जरा पानी दे गो."

बाई थांबली. खराटा तसाच हातात. तिने जाऊबाईंच्या टाचांकडे पाहिलं, मांडीवरच्या गाठोड्याकडे पाहिलं आणि आत गेली. आता पोलिसांना फोन करणार, असं मी मनात म्हटलं. ती आली ती पाण्याने भरलेला जग आणि पेले घेऊन.

"तुमी खंयच्यो गो?"

जाऊबाई पाणी प्यायल्या, पोलादपूरकडच्या म्हणून सांगितलं, मग सरकल्या आणि तिच्याच कट्ट्यावर तिला जागा करून देत म्हणाल्या, बस ना. आणि ती बसली. मग गाठोडं सुटलं. पाणी देणाऱ्याला आपल्या शिदोरीतलं द्यायचं, हाही आमच्याकडचा नियम. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी. बाईने तुकडा मोडला, चावला, पुन्हा मोडला. तिची आई चटणी अशीच वाटायची म्हणाली, दगडावर. मराठी आणि कोंकणीचं कुठं अडलं ते मला आठवत नाही. भाकरी संपत आली तशी ती उठली आणि म्हणाली, इथं ऊन येतं, आत चला.

आत चला! मला गल्लीतच फुगडी घालावीशी वाटली.

आत गारवा होता. शिसवी खुर्च्या, वेताने विणलेल्या, पायाखाली नक्षीच्या फरश्या, कोपऱ्यात येशूच्या तसबिरीपुढे लाल दिवा. आमच्या बायका दिवाणखान्यात कुठल्या थांबतायत, सरळ स्वयंपाकघरात. तिथला वाटायचा दगडी रगडा बघितला, उकड्या तांदळाचा डबा उघडून वास घेतला, मागच्या दारी विहीर दिसली तर जाऊबाईंनी पदर खोचून घागरभर पाणी शेंदून दिलं. बाई सांगत होती की दिवसभर लोक तिच्या घराचे फोटो काढतात, घरात माणूस आहे की नाही हे कुणी बघत नाही, आणि तिच्या दारात पाणी मागितलेलं तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. आणि मी मोबाइल काढला. पैजेचा पुरावा नको? जाऊबाईंनी माझा हात खाली दाबला. कुणाच्या घरात आल्यावर फोटो काढतात काय, असं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. पैज आहे, मी कुजबुजले.

"मग ऱ्हाऊ दे पैज."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण बाहेरची पाटी मी स्वतः वाचली होती, म्हणून मोबाइल पिशवीत टाकला.

निघताना जाऊबाईंनी तिला आमच्याकडे यायचं आमंत्रण दिलं. पोलादपूरला वळ, घाटाच्या रस्त्याला लाग, वाडीत कुणालाही विचार. बाईची मुलगी मुंबईला असते, ती गाडीने न्यायला येते, रस्ता तोच. येईन, म्हणाली. असं सगळेच म्हणतात.

संध्याकाळी समुद्रावर गेलो. जाऊबाई घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या, हात पाठीमागे बांधून. सूर्य बुडताना शेजारच्या दोघींनी सवयीने हात जोडले. जाऊबाईंनी नाही जोडले. त्या नुसत्या बघत होत्या आणि हसत होत्या, आणि मी त्यांना इतक्या वर्षांत तसं हसताना पाहिलं नव्हतं.

घरी आलो तर आबा ओटीवर तयारच. फोटो दाखवा, म्हणाले. नाही म्हटल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली. आम्ही सगळ्या जणींनी शपथा घेतल्या, विहिरीचं सांगितलं, रगड्याचं सांगितलं. बायकांची साक्ष बायकांनाच, म्हणाले. पैज त्यांनी जिंकली असं वाडीनं ठरवलं. सबंध पावसाळा आबा मला रस्त्यात गाठून विचारायचे, काय मास्तरीण, गोव्याची घरं काय म्हणतात? मी मूग गिळून चालायला लागायचे. जाऊबाईंना मात्र कशाचं काही नाही. आपन पानी प्यालोय ना, एवढंच म्हणायच्या.

दिवाळीच्या सुमाराला भातकापणी आली. वाडीतल्या झाडून सगळ्या बायका शेतात, आमच्या चुलत सासूबाईसुद्धा. दुपारी बांधावरून आबा येताना दिसले, धोतर वर धरून, पळत. आबांना पळताना बघितलेलं माणूस वाडीत हयात नसेल. मला वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं. ते माझ्यापुढे येऊन थांबले आणि दम खात म्हणाले,

"पैज तुमी जितलीत. आधी गूळ कुठं ठेवतात ते सांगा."

विळे टाकून आम्ही घराकडे धावलो. वाडीत शिरताना पहिलं घर आबांचं. रस्त्याला गाडी उभी, तिच्यापाशी गोव्याच्या बाईची मुलगी, आणि ओटीवर तोच फुलाफुलांचा झगा घालून बाई स्वतः बसलेली. आल्या आल्या बसली म्हणे, विचारलं नाही, ओळख सांगितली नाही, फक्त म्हणाली, उदक दी रे इल्लें. आबांनी घरात हाका मारल्या. घरात कुणी नव्हतं. ओटीवर बसलेल्याला पाणी तर द्यायलाच पाहिजे, ते आबाही मोडणार नाहीत. तेव्हा ते स्वतः आत गेले. मी डोकावून पाहिलं तर स्वयंपाकघरातला एकूण एक डबा उघडा, झाकणं जमिनीवर, पीठ सांडलेलं. बाईच्या एका हातात पेला होता आणि दुसऱ्या तळव्यावर आबांनी गूळ म्हणून दिलेला चिंचेचा गोळा. तो तिने थोडा खाल्लाही होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसत होती.

जाऊबाई तिच्या शेजारी टेकल्या. चिंचेचा गोळा हातात घेऊन बघितला, उघड्या दारातून त्या डब्यांकडे बघितलं. आबा खांबाला धरून उभे होते. मोठ्यांसमोर आवाज न चढवणाऱ्या माझ्या जाऊबाई त्या गोव्याच्या बाईला, पण आबांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या,

"बाय, बरं झालं तू आलीस. आज आमच्या आबांनीपन सोताचं घर आतनं बघितलं."