न गेलेले अकरा निरोप

ऑफिसात तिला सगळे भागूबाई म्हणत. भित्री भागूबाईमधली. अगदी तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे, कारण ते खरं होतं. घरातून निघताना ती गॅसचं बटण दोनदा बघायची आणि कुलूप तीनदा ओढायची. कॉलेजात जाणारी मुलगी जिन्यातून म्हणायची, "आई, गॅस बंद आहे. कालही बंद होता. तू असताना तो पेटायची हिंमत करत नाही." भागूबाई हसायची आणि चौथ्यांदा कुलूप ओढायची.

हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत तिची एकोणीस वर्षं गेली होती. नवं काही उभारायचं काम तरुण मंडळींकडे होतं, बिघडलेलं शोधायचं काम तिच्याकडे. वापरणाऱ्याला फक्त पडद्यावरचं पान दिसतं. मागे, दुसऱ्याच कुठल्या खोलीत, सर्व्हर कोड चालवत असतो. तिथे काही अडखळलं की त्याची ओळ लॉगमध्ये उमटते. लॉग म्हणजे यंत्राची स्वतःशी चाललेली बडबड. ती बडबड भागूबाई रोज सकाळी चहाबरोबर वाचायची. "बोलणाऱ्या बिघाडाची मला भीती नाही," ती म्हणायची. "गप्प बसणाऱ्याची आहे."

त्या गुरुवारी अकराच्या सुमारास लॅबवाल्या मामांचा फोन आला. मामा हॉस्पिटलच्या रक्ततपासणी विभागात तीस वर्षं होते आणि चांगली बातमी द्यायला त्यांनी आजवर कधी फोन केला नव्हता.

"काय भागूबाई, तुमच्या यंत्राने मौन धरलंय का?"

"काय झालं मामा?"

"परवा एका पेशंटचं रक्तातलं पोटॅशियम सहाच्या वर आलं, म्हणजे हृदयाला धोका. मी आकडा भरला. डॉक्टरांच्या मोबाइलवर निरोप जायला हवा होता. गेलाच नाही. वॉर्डातल्या सिस्टरने कागद बघितला म्हणून निभावलं."

"एकच झालंय ना असं?"

"मला कळलेलं एकच," मामा म्हणाले.

पूर्वी धोक्याचा आकडा आला की लॅबमधलं माणूस स्वतः डॉक्टरांना फोन करायचं. सॉफ्टवेअर आलं, निरोप आपोआप जायला लागले आणि फोन करायची सवय सुटली. पेशंटना काउंटरवर सांगितलं जाई, काही गंभीर असेल तर आम्हीच कळवू. लोक निर्धास्त घरी जात. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक.

तिने लॉग उघडला. गेल्या महिनाभरात निरोपाबद्दल एकही तक्रार नव्हती. धुतलेल्या फरशीसारखा स्वच्छ लॉग. म्हणजे बिघाड गप्प बसणारा होता.

चाचणीसाठी ठेवलेल्या प्रतीवर तिने एक खोटा पेशंट तयार केला आणि खोटा मोठा आकडा भरला. पानावर हिरवी खूण आली, नोंद झाली. निरोपही गेला. तिने डॉक्टर बदलून पाहिले. दुसरे, तिसरे, चौथे, सगळ्यांना निरोप गेला. तीन आठवड्यांपूर्वी रुजू झालेल्या नव्या डॉक्टरांचं नाव निवडलं, तेव्हा हिरवी खूण आली आणि पुढे काहीच झालं नाही. लॉगमध्येही काही उमटलं नाही.

नव्या डॉक्टरांच्या माहितीत फोनच्या चौकटीत दोन नंबर होते, मध्ये तिरकी रेघ. तिने हॉस्पिटलच्या कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "त्यांनीच सांगितलं ना. एका फोनला रेंज नसली तर दुसऱ्यावर यावा, एकही निरोप चुकायला नको, म्हणून दोन्ही घाला म्हणाले." दोन नंबरांना कोड एकच नंबर समजत होता आणि तिथेच ठेचकाळत होता.

पण ठेचकाळला तर ओरडला का नाही?

तिने ती फाइल उघडली. कोडमध्ये एक सोय असते: चूक झाली तर ती पकडायची आणि पुढे काय करायचं ते लिहायचं. इथे चूक पकडली होती आणि पुढची जागा रिकामी होती. वर तीन शब्दांची टीप होती, "हे नंतर बघू." प्रत्येक ओळ कुणी आणि कधी लिहिली याचा इतिहास जपलेला असतो. नऊ वर्षांपूर्वीचा मंगळवार, दुपारचे तीन. नाव तिचंच.

तिला ती दुपार आठवली. निरोप पाठवणारी सेवा तेव्हा सारखी अडकायची आणि तिच्याबरोबर सगळं पान कोसळायचं. लॅबला आकडेच भरता येत नव्हते. त्या वेळचे साहेब तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते आणि दर दोन मिनिटांनी फोन वाजत होता. तिने लिहिलं: निरोप गेला नाही तर न जाऊ दे, आकडा तरी राहू दे. पान कोसळायचं थांबलं. साहेबांनी खुर्चीवरचा हात काढला. चूक लॉगमध्ये लिहायची ओळ उद्या घालू, असं ती म्हणाली होती. उद्या दुसरंच काही बिघडलं.

भित्रा माणूस चुका करत नाही असं लोकांना वाटतं. तो वेगळ्या चुका करतो. ज्याची भीती वाटते ते तो आधी डोळ्यांसमोरून हलवतो.

त्या डॉक्टरांच्या पेशंटचे तीन आठवड्यांतले धोक्याचे आकडे एका बाजूला, प्रत्यक्ष गेलेले निरोप दुसऱ्या बाजूला. यातले न जुळणारे काढायचे होते. यंत्राला विचारायचा तो प्रश्न लिहायला चार मिनिटं लागली. बटण दाबायला त्याहून जास्त लागली.

अकरा ओळी आल्या. शेवटची कालची, दुपारी साडेचारची. पोटॅशियम सहा पूर्णांक नऊ.

साहेब मागे येऊन उभे होते. हे साहेब नवे होते, पण उभे तसेच राहत. तिने दोन वाक्यांत सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"आधी दुरुस्त करा," ते म्हणाले. "मी संचालकांशी बोलतो. तोवर लॅबला काही कळवू नका, उगाच गोंधळ होईल."

"तोवर म्हणजे किती?"

"तासभर. जास्तीत जास्त दोन."

साहेब वाईट नव्हते. त्यांनाही भीती वाटत होती, फक्त त्यांची भीती इस्त्री केलेली होती. भागूबाईने पडद्यावरच्या शेवटच्या ओळीकडे पाहिलं आणि फोन उचलला.

"अहो बाई, मी काय म्हणालो?"

"ऐकलं मी," ती म्हणाली. तिचं बोट नंबर दाबत होतं. "मामा, पेन घ्या. अकरा आहेत."

मामांनी एकही टोमणा मारला नाही. ती नोंदणी क्रमांक वाचत गेली, ते रजिस्टर बघत गेले. नऊ जण वॉर्डातलेच, सिस्टरांच्या नजरेखालचे. दहावा गेल्या शुक्रवारी स्वतःहून परत आला होता, उपचार सुरू होते.

"अकरावी बासष्ट वर्षांची," ती म्हणाली. "किडनीचा त्रास. काल बाहेरून तपासणीला आलेली."

"घरी गेली ती," मामा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "थांबा. ठेवू नका."

दुसऱ्या फोनवर नंबर फिरवल्याचं तिला ऐकू आलं. रिंग वाजत राहिली. साहेब तिच्यासमोरच्या खुर्चीत बसले. कुणीतरी उचललं, मुलगा असावा. त्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं, मामांचं येत होतं.

"आई कुठे आहे तुमची?... झोपली आहे? कधीपासून?... हो, आमचा फोन आला नाही, बरोबर आहे तुमचं. उठवा त्यांना... नाही, आत्ता उठवा, मी थांबतो."

मग काही नाही. मामांच्या मागे लॅबमधलं यंत्र घरघरत होतं. भागूबाईने आपल्या श्वासाचा आवाज जाऊ नये म्हणून रिसीव्हर तोंडापासून दूर धरला. त्या घरातली खोली, खाट, चादर तिने कधी पाहिलेली नव्हती. आता तिला ती दिसत होती, आणि खाटेशी वाकलेल्या माणसाची पाठ. हाक मारली जात असेल. दुसऱ्यांदा मारली जात असेल.

"हं, बोला," मामा म्हणाले. "पाय उचलत नाहीत म्हणतात? चालवू नका त्यांना. पत्ता सांगा, गाडी पाठवतो."

दीड वाजता मामांनी पुन्हा फोन केला. "आणलंय. ठोके चुकत होते. नवे डॉक्टर स्वतः उभे आहेत. संध्याकाळपर्यंत कळेल म्हणतात." मग म्हणाले, "जेवा काहीतरी, भागूबाई."

ती जेवली नाही. डॉक्टरांचे नंबर तिने वेगळे केले. रिकाम्या जागी अशी ओळ घातली की निरोप अडला तर लॅबच्या पडद्यावर लाल पट्टी यावी आणि हाताने बंद केल्याशिवाय जाऊ नये. साहेबांनी हॉस्पिटलला पाठवायचा अहवाल उघडला, कारणाच्या रकान्यापाशी येऊन तिच्याकडे पाहिलं. तिने कीबोर्ड ओढून तिथे स्वतःचं नाव आणि ती तारीख लिहिली. साहेबांनी ते खोडलं नाही.

मग सगळ्या कोडमध्ये अशा रिकाम्या जागा किती आहेत, हे तिने यंत्राला शोधायला लावलं. सदतीस निघाल्या. नऊ तिच्या, बाकीच्या सोडून गेलेल्या माणसांच्या. पहिली औषधांच्या मात्रेच्या पानावरची होती. संध्याकाळ व्हायला अजून चार तास होते. फोन हाताशी ठेवून तिने ती फाइल उघडली.