बर्फवाले वामनशेट

पेणला मी शिलाईचं दुकान उघडलं, त्याच दिवशी समोरच्या बर्फाच्या कारखान्याचे मालक रस्ता ओलांडून आले. अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत दुमडलेली लुंगी, पायात रबरी चपला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. माझ्या तळहातावर बर्फाचा एक खडा ठेवला आणि म्हणाले, "धर. बघू किती वेळ धरतेस." मी धरला. हात आधी बधिर झाला, मग आतून ठणकायला लागला. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. ते हाताकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "ठीक. मशीनचा आवाज दिवसभर येईल. तक्रार घेऊन यायचं नाय." आणि आले तसे परत गेले.

हे वामनशेट. बायको फार पूर्वी वारलेली, एकुलती मुलगी रोह्याला दिलेली. कारखान्याच्या मागच्या खोलीत ते एकटेच राहायचे. गावात त्यांना मित्र नव्हता. पण फाल्गुन लागला की रोज सकाळी त्यांच्या कारखान्याच्या बाजूच्या दाराशी बायकांची रांग लागायची. त्या सगळ्या खालच्या वस्तीतल्या, खाडीकाठच्या, मिठागरांवर राबणाऱ्या. वस्तीत वीज होती म्हणायला; उन्हाळ्यात दुपारी ती हमखास जायची. फ्रिज एखाद्याच घरात. पत्र्याखाली माणसं भाजून निघायची. कुणाला विकायची मासळी टिकवायची असे, कुणाच्या सासूचं साखरेचं इंजेक्शन थंड राहायला हवं असे, कुणाच्या पोराला ताप. वामनशेट त्यांना बर्फ द्यायचे. लादीचा तुकडा, बाईच्या घमेल्याच्या मानाने.

फुकट मात्र द्यायचे नाहीत. "फुकटचा बर्फ माणूस उन्हात ठेवतो," असं त्यांचं म्हणणं. म्हणून प्रत्येकीने मूठभर मीठ आणायचं. मिठागरावरच्या बायकांकडे दुसरं काही नसलं तरी मीठ असायचंच. बर्फाचे साचे ज्या टाकीत सोडतात त्या टाकीला मिठाचं पाणी लागतं, तेव्हा ते वायाही जात नसे. पण तेवढ्या मिठाने कारखाना चालत नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि बायकांनाही.

दान करणारा माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक मऊ चेहरा येतो. वामनशेट रांगेतल्या बायकांना सोलून काढायचे. "काय गो, काल नवऱ्याच्या बाटलीत घातलास ना बर्फ?" "केस विंचर आधी. भूत आलं वाटलं मला." एकदा एक नवी लग्न झालेली मुलगी सगळ्यांसमोर ऐकून घेताना रडायला लागली. मी दुकानातून उठून गेले. म्हटलं, "काका, लाज वाटते हो त्यांना." ते म्हणाले, "वाटू दे. लाज वाटली की माणूस गप्पा मारत थांबत नाय. सरळ घरी जातो. बर्फ वाचतो."

हे सगळं ते का करत होते, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारणाऱ्या प्रत्येकाला ते वेगळं कारण सांगायचे. पोस्टमनला सांगितलं, आईचा नवस होता. मला सांगितलं, शेवटच्या रांगेतल्या लाद्यांना गिऱ्हाईक नसतं, म्हणून. ते खोटं होतं. मे महिन्यात लग्नाच्या हॉलवाले आणि मासळीचे व्यापारी त्यांच्या दारात गाड्या घेऊन उभे असायचे, आणि वामनशेट त्यांना सांगायचे, "संपला."

रांगेत सगळ्यांत पुढे असायची भागी. काळी, उंच, मिठात राबून पायांची कातडी फाटलेली. ती एकटीच त्यांना उलट बोलायची. "शेट, तुजा तोंड बरफात ठेव. जरा थंड व्हईल." यावर वामनशेट हसायचे नाहीत, पण तिचा तुकडा जरा मोठा निघायचा. भागीचा मुलगा संतोष तिच्याबरोबरच मिठागरावर काम करायचा. त्याची बायको माहेरी निघून गेली होती, आणि लहान मुलगी आजीच्या पदराला धरून रांगेत यायची. वामनशेट तिला बजावायचे, "हा बर्फ चोखायचा नाय. मासळीचा आहे." पोर मान हलवायची आणि वळणावर गेली की चोखायची. सगळीच पोरं चोखायची.

मग एका वर्षी वस्तीत कावीळ आली. एकेक घर करत बरीच पोरं पडली. भागीची नात तर अगदी जाते की राहते अशी झाली; तिला अलिबागला न्यावं लागलं. कुणीतरी म्हणालं, बर्फ. तेवढा एक शब्द पुरला. संध्याकाळच्या आत सगळ्या वस्तीला खात्री झाली की वामनशेट गटाराच्या पाण्याचा बर्फ करतात आणि म्हणूनच स्वस्तात देतात. "नायतर कोन देतं फुकट?" हे मी माझ्या दुकानात बसलेल्या बाईच्या तोंडून ऐकलं. तिच्या घरी सकाळीच त्यांचा बर्फ गेला होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी माणसं आली. पुढे संतोष होता. अलिबागच्या दवाखान्यातून तो थेट आला होता. डोळे तांबडे, झोप नाही. त्यांनी वामनशेटना मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी आतून एक अख्खी लादी ओढत रस्त्यावर आणली, त्यांची लुंगी फेडली आणि त्यांना त्या लादीवर बसवलं. दोघांनी खांदे दाबून धरले. संतोष ओरडत होता, "बस! माजी पोर थंड पडत चाललीय, तू पन थंड हो!" पाच-सहा जण मोबाईलवर शूटिंग करत होते. साठी उलटलेला माणूस, अंगात फक्त बंडी आणि चड्डी, सुरुवातीला शिव्या देत होता, मग दात वाजायला लागले, मग नुसताच बघत राहिला. रांगेतल्या बायका पलीकडच्या फुटपाथवर उभ्या होत्या. त्यांच्यातली एक हसली. मी पोलिसांना फोन केला. ते येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी आणि कारखान्यातल्या कामगाराने त्यांना उचललं तेव्हा मांड्यांची कातडी लादीला चिकटून राहिली.

पुढच्या आठवड्यात वस्तीच्या नळाची पाइप खणली. गटाराशेजारी ती फुटलेली निघाली. कावीळ पाण्यातून आली होती, बर्फातून नव्हे. पाइप बदलली, पोरं हळूहळू उठून बसली. भागीची नातही वाचली. वामनशेटचा व्हिडिओ मात्र मोबाईलवरून मोबाईलवर फिरतच राहिला. माफी मागायला कुणी गेलं नाही. एकटी भागी गेली. पुडीत मीठ बांधून नेलं होतं. वामनशेट दारात आले. त्यांना अजून नीट उभं राहता येत नव्हतं. पुडी घेतली नाही. म्हणाले, "मुलाचं मीठ मुलाच्या जखमेवर ठेव," आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर जे त्यांनी केलं ते मी रोज माझ्या शिलाई मशीनवर बसून पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात कारखाना पुन्हा जोरात सुरू झाला. बाजूचं दार बंद. रोज बाराच्या सुमाराला कामगार काही लाद्या बाहेर आणून फाटकाच्या आत, उन्हात मांडायचा. वामनशेट शेजारी खुर्ची टाकून बसायचे. बायका फाटकाबाहेर घमेली घेऊन उभ्या. "बघा," ते म्हणायचे. "डोळ्यांनी न्या." लाद्या वितळायच्या, पाणी फाटकाखालून रस्त्यावर यायचं. एका बाईने खाली बसून त्या पाण्यात पदर भिजवला आणि कडेवरच्या पोराच्या कपाळावर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून वामनशेटनी लाद्यांवर फिनेल ओतायला सांगितलं.

मी गेले. म्हटलं, "काका, पुरे झालं आता. पाप आहे हे."

ते म्हणाले, "सुमन, तुला बसवलं नव्हतं."

मी परत येऊन मशीनवर बसले.

मग तो दिवस. मे महिना संपत आला होता. दुपारी एक टेम्पो फाटकाशी थांबला आणि भागी उडी टाकून उतरली. मागे ताडपत्रीवर संतोष पडला होता. मिठागरावर भर उन्हात राबता राबता कोसळला होता. अंग कोरडं, लालबुंद, काहीतरी असंबद्ध बडबडत होता. मी हात लावला तर तव्याला लागावा तसा चटका बसला. भागीने फाटक दोन्ही हातांनी हलवलं. "शेट, बरफ दे! दवाखान्यात नेतंय, पन पोर पेटलाय माजा. वाटेत अंगावर ठेवतंय. दे, शेट!"

वामनशेट खुर्चीत होते. शेजारी लाद्या होत्या. ते उठले नाहीत. म्हणाले, "दारू प्यालाय तो. त्याला उतरू दे. त्याच्या तोंडाने मागू दे."

"तो बोलत नाय रं शेट!"

"त्या दिवशी बोलत होता."

मी दुकानातली पाण्याची कळशी आणून संतोषच्या अंगावर ओतली. कोमट पाणी, तेवढंच. भागीने एकदा वामनशेटकडे पाहिलं. मग ती टेम्पोत चढली आणि ड्रायव्हरच्या टपावर थाप मारली. टेम्पो वळणापर्यंत गेला असेल, आणि माझ्या मागे फाटक उघडल्याचा आवाज आला. वामनशेट गोणपाटात गुंडाळलेली अर्धी लादी खांद्यावर घेऊन धावत येत होते. त्या दुखऱ्या पायांनी. "थांबव! थांबव त्याला!" मी ओरडले, रिक्षा स्टँडवरचे दोघे ओरडले. टेम्पो दिसेनासा झाला. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. खांद्यावरची लादी खाली ठेवायचंही त्यांना सुचत नव्हतं.

संतोषने दवाखान्याच्या दारातच जीव सोडला. डॉक्टर म्हणाले, आधी अंग थंड झालं असतं तर कदाचित वाचला असता, कदाचित नसताही.

दुसऱ्या सकाळी बाजूचं दार उघडं होतं. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. मग वामनशेटनी तीनचाकी टेम्पो भाड्याने घेतला, त्यात लाद्या भरल्या आणि स्वतः वस्तीत गेले. मी त्यांच्याबरोबर गेले, कारण मला भीती वाटत होती की लोक त्यांना जिवंत सोडणार नाहीत. लोकांनी काहीच केलं नाही. बायका घरांत गेल्या आणि दारं ओढून घेतली. त्या माणसाने संध्याकाळपर्यंत तिथे उभं राहून काढलं. रोज जायचे, रोज उभे राहायचे. एक म्हातारा येऊन त्यांच्या पायाशी थुंकून गेला. वामनशेटनी पाय हलवला नाही.

शेवटी एका दुपारी भागीच्या घराचं दार उघडलं. ती घमेलं घेऊन आली. नजर सरळ. वामनशेटनी टोच्याने तुकडा फोडला. टोचा दोनदा निसटला. भागी म्हणाली, "नातीला गोवर आलाय, तिच्यासाठी नेतंय. तुला माफी नाय दिली. ध्यानात ठेव."

"व्हय," ते म्हणाले.

त्यानंतर बाकीच्या बायका आल्या. वामनशेट पुन्हा उन्हाळाभर बर्फ द्यायला लागले, पण आता कुणाला काही बोलत नसत. मान खाली घालून तुकडे फोडायचे. रांग एकदम मुकी झाली. एकदा तीच पूर्वी रडलेली मुलगी, आता दोन पोरांची आई, म्हणाली, "शेट, एखादी शिवी द्या ना. असं कसंतरीच वाटतंय." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग पुढचा तुकडा फोडला. भागी रोज यायची. बर्फ घ्यायची आणि रोज तेच सांगायची, जशी काही बाजारात भाव सांगतेय: "माफी नाय हां." ते म्हणायचे, "व्हय."

दोन उन्हाळे असे गेले. मग त्यांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुलगी येऊन त्यांना रोह्याला घेऊन गेली. कारखाना विकला गेला.

मी त्यांना बघायला रोह्याला जाणार हे वस्तीत कळलं, तेव्हा भागी एसटी स्टँडवर येऊन उभी राहिली. "मी पन येतंय," म्हणाली. नागोठणं गेलं, कोलाड गेलं, ती खिडकीबाहेर बघत राहिली. का येतेस, ते मी विचारलं नाही.

मुलीचं घर कुंडलिकेच्या काठाजवळ. वामनशेट खाटेवर पडले होते. इतके लहान झालेले की मला आधी नुसती चादरच दिसली. मला पाहून डोळे हलले. मग माझ्या मागे भागी दिसली. त्यांनी डावा हात उचलला. दुसरा हात उचलत नव्हता, म्हणून एकच हात छातीवर उभा धरला, नमस्काराचा अर्धा. डोळ्यांतून पाणी कानात जायला लागलं.

भागी खाटेच्या कडेला बसली. त्यांचा हात धरून खाली ठेवला, जरा जोरानेच. "राहू दे, शेट. नाय मिलनार." त्यांच्या घशातून आवाज आला. तो त्यांचा "व्हय" होता, हे आम्हा दोघींनाच कळलं. मुलगी आत चहा करत होती. भागीने उशाशी ठेवलेल्या भांड्यातून चमच्याने पाणी घेतलं आणि त्यांच्या तोंडात घातलं. कडेने ओघळलं ते पदराने पुसलं. पुन्हा चमचा भरला. चहा येईपर्यंत ती पाजत राहिली. मग उठली आणि चहा न घेताच बाहेर जाऊन उभी राहिली.

थोड्याच दिवसांत वामनशेट गेले. निरोप सांगायला मी मिठागरावर गेले. भागी फळीने मीठ ओढत होती. तिने ऐकलं, फळी थांबवली, पदराने मानेवरचा घाम पुसला. मी शेवटी विचारलंच, "भागी, त्या दिवशी रोह्याला का आली होतीस?"

"त्याला पडलेला बघायला. वाटलेला, बघून बरा वाटंल."

"वाटलं?"

"नाय," ती म्हणाली आणि पुन्हा मीठ ओढायला लागली.