माळाच्या दोन फेऱ्या

मला एका जागी बसवत नाही. लग्नाला गेलो तर पहिल्या पंगतीला जेवून निघणारा मी माणूस. दवाखान्यात नंबर लावला की आत बसायचं सोडून बाहेर रस्त्यावर चकरा मारतो. बायको म्हणते, यांच्या पायाला भिंगरी आहे. आजवर या भिंगरीने नडलं ते माझंच नडलं. यंदा मात्र पोरीचं नडलं, आणि तेव्हापासून मला बसणं सोडाच, धड उभंही राहवत नाही.

आमचं गाव कनेरगाव नाक्यापासून थोडं आत आहे. गावाला लागूनच पंचायतीची तीन एकर मोकळी जागा आहे, तिला सगळे माळ म्हणतात. कागदावर ती पंचायतीची आणि वापरायला साऱ्या गावाची. हळद शिजली की तिथे वाळत पडते आणि मग पंधरा-वीस दिवस गावातल्या प्रत्येकाच्या टाचा पिवळ्या असतात. मेंढरंवाले येता-जाता दोन दिवस मुक्काम टाकतात. आणि रोज पहाटे तिथे माझी मुलगी आणि तिच्या चार मैत्रिणी पळतात. पोलीस भरतीची तयारी करतात पाचही जणी. भरतीत मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. माळाच्या कडेकडेने दोन फेऱ्या मारल्या की आठशे भरतात. तिने ते दोरी धरून मोजलेलं आहे, एकदा नव्हे, तीनदा.

मागच्या भरतीत ती थोडक्यात राहिली. त्यावर घरात ठरलं, अजून एक भरती द्यायची, नाही झालं तर लग्न. 'घरात ठरलं' असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हटलं. ठरवलं मी एकट्यानेच.

तर यंदा माळावर काहीतरी करायला निधी आला. आता काय करायचं यावर गावात जो तो शहाणा झाला. कुणी म्हणे बाग करा, कुणी म्हणे व्यायामाची यंत्रं बसवा, कुणी म्हणे सभागृह बांधा आणि रस्त्याच्या अंगाने गाळे काढा. सरपंच म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याच्या मनात सभागृह आणि गाळे. झेंडावंदनाच्या दिवशी ग्रामसभेत काय तो निकाल लागणार होता.

आदल्या संध्याकाळी मुलगी माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, उद्या सभेत एवढंच सांगा. मधात काय बांधायचं ते बांधा म्हनावं, पर कड मोकळी ठेवा. चहूबाजूनं फेरी तुटू देऊ नका."

"सांगतो न."

"विसरसान."

"न्हाई विसरत माय. मी सांगतो म्हटलं न."

सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. दारातच ग्रामसेवक रजिस्टर घेऊन बसलेला. आमच्याकडे आधी सही करायची आणि मग बसायचं. वर पान कोरं असतं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. लवकर सुटका व्हावी म्हणून मी सगळ्यांच्या आधी सही ठोकून मोकळा झालो आणि दाराजवळची जागा धरली.

बागेचा विषय निघाला तर एकजण म्हणाला, "गव्हाले पानी पुरून न्हाई राहिलं, अन् फुलझाडायला कोन देईन?" यंत्रांचा विषय निघाला तर शेजारच्या गावाची गोष्ट निघाली. तिथल्या यंत्रांवर गोधड्या वाळत घालतात म्हणे. आमच्या गावातले एक म्हातारे धनगर सावकाश उठले आणि त्यांनी विचारलं, "मंग मेंढरं कुठं बसवावं?" कुणीतरी म्हणालं, "गाळ्यात बसवा." सगळे हसले. मीही हसलो. म्हातारे खाली बसले. त्यांच्या प्रश्नाला उत्तर काही मिळालं नाही.

मग सभागृहाचं निघालं आणि वारं फिरलं. गेल्या उन्हाळ्यात माळावरच एका लग्नाचा मांडव वावटळीने उडाला होता. वरमाईच्या डोक्याला बांबू लागला, वरण मातीत गेलं. ते सगळ्यांनी पाहिलेलं. एखादं पक्कं छप्पर पाहिजे, हे कुणालाही पटावं असंच होतं. खरं सांगतो, मलाही पटलं. मी तिथे बसल्या-बसल्या त्या सभागृहात लग्न लागताना पाहिलंसुद्धा, आणि बोहल्यावर माझीच मुलगी होती. कड मोकळी ठेवा, हे शब्द माझ्या तोंडात होते आणि डोळ्यांपुढे हे असलं.

सरपंच म्हणाला, "कोनाला काही सांगायचं हाय का?" माझ्याकडे पाहूनच म्हणाला तो. मी घसा साफ केला. पण भावकीतल्या माणसाला भर सभेत आडवं जायचं म्हणजे उद्या दारात येणंजाणं बंद व्हायचं, हेही त्याच क्षणी डोक्यात आलं.

तेवढ्यात चार-पाच जणांच्या खिशात एकदमच फोन वाजले. शेतातल्या मोटारीला मोबाईलचा स्टार्टर असतो. लाईट आली की तो फोन करून सांगतो, मोटर चालू झाली आहे. सकाळी यायची लाईट दुपारी आली होती. मोटर आपोआप चालू होते, पण पाणी काही आपोआप एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जात नाही. निम्मा व्हरांडा उठला. चपला सापडेनात इतकी गर्दी दारात झाली. त्या गर्दीत सगळ्यात पुढे मी होतो.

लाईट आली तेव्हा मला बरं वाटलं. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

गव्हाला पाणी देऊन परत आलो तेव्हा व्हरांड्यात फक्त सतरंजी उरली होती. ठराव झाला होता. सभागृह, रस्त्याच्या कडेला ओळीने गाळे आणि उरलेल्या तीन बाजूंना, कडेची पट्टी गाडीवाटेला सोडून, चांगली आत घेतलेली भिंत. सर्वानुमते.

मुलगी भाकरी करत होती.

"ठरलं का, बाबा?"

"ठरलं."

"अन् कड?"

"लाईट आलती. मी वावरात गेलतो."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "बरं." ती भांडली असती तर मी पण दोन शब्द चढवून बोललो असतो आणि मोकळा झालो असतो. त्या 'बरं'ने मला जेवू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ग्रामसेवकाकडे गेलो. त्याने रजिस्टर उघडून दाखवलं. कालचं कोरं पान आता भरलं होतं. ठरावाखाली पहिली सही माझी, चांगली ठसठशीत.

"ही हजेरीची सही हाय," मी म्हटलं.

"काका, सगळ्यायची हजेरीचीच हाय. वाचनारा ठराव वाचतो अन् खाली सही पाहतो. तुमी मतदारांच्या सह्या घेऊन अर्ज द्या, विशेष सभा लावू."

तिथून तडक सरपंचाकडे. त्याच्याशी भांडायचं म्हणूनच गेलो होतो. त्याने चहा पुढे केला आणि माझं सगळं ऐकून घेतलं.

"एवढंच होतं व्हय? मंग तवा बोलला काहून न्हाई? भिंत कडेला नेली असती, गाळे मागं घेतले असते. मी तुलाच तर इचारलं. आता नकाशा तालुक्याला गेला."

तो माझ्यावर रागावला असता तर बरं झालं असतं. मी चहा न पिताच उठलो.

सह्या गोळा करायला मी चार दिवस गावभर हिंडलो. हिंडणं मला जमतं. माझ्यासोबत उठून गेलेल्या एकूण एक माणसाने सही दिली, आणि अर्ज न वाचताच दिली. तोवर माळावर आखणीची चुन्याची फक्की पडली, रस्त्याच्या अंगाने चर खणले गेले. फेरी तुटली. पोरी दोन दिवस उरलेल्या जागेत घाण्याच्या बैलासारख्या फिरल्या आणि तिसऱ्या दिवसापासून वाशिम रोडवर पळायला जाऊ लागल्या.

त्या रस्त्यावर पहाटे ट्रक कसे जातात ते नाक्यावरच्या ढाब्यांना विचारावं. मी रोज मोटारसायकल काढायचो आणि दिवा लावून पोरींच्या मागे मागे जायचो. आपण काहीतरी करतोय, असं त्यातल्या त्यात वाटायचं. अर्ज मंजूर झाला, शुक्रवारी विशेष सभा लागली, हेही मी तिला गाडीवरूनच ओरडून सांगितलं. म्हटलं, "या बारीला मी बोलतोच बघ."

ती थांबली. मैत्रिणी पुढे गेल्या. कमरेवर हात ठेवून तिने आधी दम खाल्ला.

"बाबा, उद्यापासून मागं येऊ नका."

"ट्रक हायेत माय."

"तुमी मागं असले की मी निवांत होते. मागं वळून पाहतच न्हाई. त्या सभेच्या दिवशी बी मी अशीच निवांत होते."

मला लाज वाटली, एवढंच खरं.

"शुक्रवारी आमी पाचजनी येऊ," ती म्हणाली. "आमची नावं हायेत मतदार यादीत. जे बोलायचं ते मी बोलीन."

तिचं नाव यादीत आहे हे मला माहीत होतं. मतदानाला मीच तिला गाडीवर बसवून नेलं होतं. सभेला न्यावं, हे मात्र एकदाही सुचलं नव्हतं.

"अन् मी?"

"तुमी बसा," ती म्हणाली. "सभा सुटंपर्यंत."

एक ट्रक हॉर्न देत अंगावरून गेला. तिने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, मग मागे वळून एकदा पाहिलं, आणि पळायला लागली. मी गाडी बंद करून तिथेच उभा राहिलो.