मेंढीला तुमच्यात काय म्हणतात?

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत मेंढीची चिंता वाहणारा एकच माणूस आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामा आमच्याच कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात. मेंढ्या विकून त्यांना कित्येक वर्षं झाली. पण मशीन बसवायला परदेशातून कोणी आला, की फोर्कलिफ्ट बाजूला लावून ते मला ऑफिसातून ओढून नेतात. "इचारा पाव्हणं, त्यांच्यात मेंढीला काय म्हंत्यात." तो बिचारा मशीनच्या प्रेशरबद्दल बोलायला आलेला असतो आणि माझं इंग्रजी तोवर घामाघूम झालेलं असतं.

सुरुवात एका स्पॅनिश इंजिनिअरने केली. तो म्हणाला, ओवेखा. पुढे ब्राझीलचा पोर्तुगीज बोलणारा आला, तो म्हणाला, ओवेल्या. "ह्ये एका घरातलं हायेत," मामांनी तिथल्या तिथे निकाल दिला. रुमानियाचा एक अबोल फिटर ओआये म्हणाला, त्यालाही मामांनी घरात घेतलं. मग मीच हौसेने मोबाइलवर शोधून सांगितलं, की या सगळ्यांची पणजी लॅटिन. तिच्यात मेंढी म्हणजे ओविस आणि छोटी मेंढी म्हणजे ओविकुला. ही हौस मला महागात पडली. "म्हंजी मोठीचं नाव रुमानियात गेलं आन् बारकीचं स्पेनात?" मी मान डोलावली. "मंग स्पेनातली मेंढी मोठी झाल्याव तिला काय म्हंत्यात?" ओवेखाच, मी म्हणालो. मामांनी माझ्याकडे संशयाने बघितलं.

इटलीचा माणूस पेकोरा म्हणाला, तेव्हा तर मामांचा चहाच कडू झाला. "ह्यो त्यातला न्हाई." त्याचाही शब्द लॅटिनमधलाच, गुराढोरांच्या नावावरून आलेला, हे मी सांगितलं, पण मामांनी त्याला सोयरिकीत ठेवलं, भावकीत घेतलं नाही. एका वयस्कर फ्रेंच माणसाने सांगितलं, की त्यांच्याकडे या घराण्यातला ऊआय हा शब्द आहे, पण तो आता पाद्रीबाबाच्या मागे असणाऱ्या भाविकांना लावतात. "मेंढरं गेली आन् नाव मान्सांवर आलं?" मामा म्हणाले, "आपल्याकडं निवडणुकीत चालंल." लिहून ठेवणं त्यांच्या स्वभावात नाही, त्यामुळे डोक्यात सगळी भेसळ. एकदा गेटवर नवीन आलेल्या पाहुण्याला त्यांनी हात जोडून "राम राम, ओवेखा" म्हटलं, तो नेमका स्पेनचा निघाला. मी कागद चाळत बसलो.

या वेडाचं मूळ मला उशिरा कळलं. मामांचे थोरले भाऊ वरवंडला असतात, अजून मेंढरं राखतात. मामांनी आपल्या वाटणीची मेंढरं विकून कंपनी धरली, तेव्हा "बापाचा कळप मोडलास" म्हणून थोरल्यांनी बोलणं टाकलं, ते टाकलंच. आता मामांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि भाऊ आल्याशिवाय मांडव घालायचा नाही, असं मामा हटून बसले होते. मामी रडकुंडीला आलेल्या. एका रविवारी सकाळी मामा माझ्या दारात उभे. "समिंदरापार गेली ती मान्सं, तरी त्यांचा शब्द वळखू येतो. मंग वरवंड कितीसं लांब हाय? गाडी काढा."

न्हावऱ्यावरून गेलो. कांदा काढलेल्या रानात कळप चरत होता आणि थोरले पाठमोरे उभे होते. मामांना "दादा" म्हणून हाक मारवेना. दोनदा तोंड उघडून मिटलं, आणि तिसऱ्यांदा बाहेर आली ती मेंढरांना बोलवायची हाळी, त्यांच्या वडिलांची.

अर्धा कळप आमच्याकडे निघाला आणि मध्येच थबकला. थोरल्यांनी मागे न बघता हाळी दिली. तीच, पण शेवटी लांबवलेली. कळप पुन्हा फिरला.

मग थोरले वळले. "आबांची हाळी पार तोडून ठिवलीस."

"आबा आसंच वरडायचे, दादा. तुमीच ताणलीया."

दोघांनी आळीपाळीने हाळ्या दिल्या. मेंढरं इकडून तिकडे जाऊन अगदी बावचळली. मीही बावचळलो, मला दोन्ही खऱ्या वाटत होत्या. शेवटी थोरले दमून बांधावर बसले आणि म्हणाले, "लग्नात समद्यांम्होरं ठरवू."

 मामा त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि डोळे पुसत राहिले. मला फार बरं वाटलं आणि वाईटही. लग्नाला अख्खी भावकी येईल, पण आबांच्या वेळचं कोणी आता उरलेलं नाही, त्यामुळे आबा खरंच कसे ओरडायचे, हे सांगणारं त्यात कोणी असणार नाही.