टाकीचा कॉक कोण बंद करतं?

वृत्तपत्राच्या डेस्कवर असताना भुताखेताचा मजकूर माझ्याकडे आला की मी त्यातलं प्रत्येक ‘म्हणे’ खोडायचो. मग सहसा काही उरत नसे, आणि कागद टोपलीत जायचा. अशा गोष्टींबद्दल माझं मत इतकंच होतं. खाली जे लिहितो आहे त्यात ‘म्हणे’ नाही. मी हजर होतो.

दिंडोरीजवळच्या एका गावात माझ्या धाकट्या बहिणीची, सुनंदाची, पोल्ट्री शेड होती. घरामागे, द्राक्षबागेला लागून. कंपनी लहान पिल्लं आणून देते, ती वाढवून कंपनीलाच परत द्यायची. सुरुवातीचे दिवस पिल्लांना ऊब लागते, आणि आमच्याकडची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून शेडमध्ये डिझेलवर चालणारा हीटर होता. बाहेर लोखंडी स्टँडवर टाकी, टाकीखाली कॉक, त्याखाली काचेच्या वाटीचा फिल्टर, आणि तिथून भिंतीतून आत गेलेली तांब्याची नळी.

काम झालं की कॉक बंद करायचा असतो. तिथं कुणी करत नाही. बंद केला की जुनी लाइन हवा धरते, आणि पुन्हा पेटवताना नट ढिले करून हवा काढत बसावं लागतं. सुनंदाचा नवरा विलास हाही कॉक उघडाच ठेवायचा. ती ओरडली की म्हणायचा, “मग तू बस हवा काढत.”

आदल्या हिवाळ्यात नळीचा सांधा झिरपला. डिझेल खाली अंथरलेल्या भाताच्या तुसात मुरलं आणि तूस धुमसत राहिलं. शेडचे पडदे गच्च लावून विलास पिल्लांजवळ झोपला होता. आग लागली नाही... नुसता धूर. सकाळी तो मेलेला सापडला तेव्हा त्याच्या अंगावर भाजल्याची एकही खूण नव्हती.

वर्षभराने सुनंदाने पुन्हा पिल्लं मागवली. मी तिला नाशिकला माझ्याकडे चल म्हणत होतो.

“दादा, शेड चालली तर मी इथंच राहीन,” ती म्हणाली. “नाय चालली तर तू नेशील तिथं येईन. पण ह्यांना इथं एकटं टाकून कशी येऊ?”

तिचं सगळं या एका गोष्टीवर अडलं होतं.

दुरुस्तीला मी रौफभाईंना घेऊन गेलो. डिझेल पंपांचं काम करणारे जुने मेकॅनिक. त्यांनी टाकी उतरवून तळातलं पाणी आणि काळा गाळ काढला. नवी नळी घातली, नवा फिल्टर, नवा कॉक. प्रत्येक सांधा कापडाने पुसून, बोट फिरवून पाहिला.

“ताई, आता वीस साल इकडे बघायचं नाय.”

“वीस साल कुणाला पायजेत?” सुनंदाच्या सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या. “ही पिल्लं मोठी होऊ दे, मग तू पण सुटला आन् मी पण.”

हीटर पेटवला. निळी ज्योत, अगदी स्थिर. सुनंदा पिल्लांना पाणी ठेवायला आत गेली. थोड्याच वेळात ज्योत पिवळी झाली, बसली आणि विझली. बाहेर पाहिलं तर कॉकची दांडी आडवी. बंद.

“किसने घुमाया?” रौफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. आम्ही दोघं टाकीपासून हातभर अंतरावर चहा पीत होतो.

पुन्हा पेटवला. रौफभाई आत थांबले – चालू. मी थांबलो – चालू. सुनंदा गेली, आणि बंद. दांडी फिरताना मी पाहिली नाही, हे स्पष्ट लिहितो. प्रत्येक वेळी ती फिरलेलीच दिसली.

शेवटी रौफभाईंनी कॉकच काढून टाकला आणि नळी सरळ टाकीला जोडली. “आता बघू काय बंद होतंय ते!”

मी फिल्टरच्या काचेवर नजर लावून बसलो. सुनंदा आत गेली. वाटीतलं डिझेल संथपणे उतरत गेलं, तळाला टेकलं, संपलं. टाकी वाजवून पाहिली, भरलेली. सुनंदा बाहेर आली आणि वाटी आपोआप पुन्हा भरली. हे मात्र मी पाहिलं.

रौफभाई पाने-पकडी गोळा करू लागले. “साहेब, टाकीत खराबी नाय, लाइनीत नाय. माझ्याच्यानं हे काम होणार नाय.”

“जित्तेपणी कॉकला हात लावला नाय मेल्यानं,” सासूबाई म्हणाल्या. “आता लावतोय.”

सुनंदा हसली. वर्षभरात पहिल्यांदा.

मी रजा टाकून तिथं राहिलो. शेडमधली कामं मी करायचो, ती पडद्याबाहेरून सांगायची. एका पहाटे मी खाद्याची पोती आणायला रस्त्यापर्यंत गेलो होतो. आत पिल्लांचा कालवा झाला. तिला राहवलं नाही, ती गेली. मी परतलो तेव्हा हीटर गार पडला होता आणि ती गुडघ्यांवर बसून पिल्लं वेगळी करत होती. थंडीत पिल्लं एकमेकांवर चढतात, खालची गुदमरतात. बहुतेक पिल्लं खालचीच निघाली, मेलेली.

कंपनीच्या सुपरवायझरने उरलेली नेली. पुढची मिळणार नाहीत, असंही सांगून गेला.

त्यानंतर ती रोज संध्याकाळी रिकाम्या शेडमध्ये हीटर पेटवायची आणि समोर बसायची. विझला की उठून भाकरी टाकायला यायची. मी फक्त पडदे वर बांधून ठेवायचो. दुसरं काय करणार होतो?

एके संध्याकाळी ती आली नाही. मी धावत गेलो. उलट्या बादलीवर बसली होती. समोर निळी ज्योत, स्थिर.

“दादा... आज नाय बंद केलं ह्यांनी.”

डिझेल संपेपर्यंत आम्ही तिथंच होतो. दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या दिवशी तिने हीटर पेटवलाच नाही. पिशवी भरून ओट्यावर आणून ठेवली आणि म्हणाली, “चल.” सासूबाई त्यांच्या मुलीकडे गेल्या.

एका इंजिनिअर मित्राला सगळं सांगितलं. तो म्हणाला, टाकीचं हवेचं भोक बुजलं असेल. मग मी आत असताना हीटर कसा चालला? आणि आधी विझायचा तर नंतर का विझला नाही?

सुनंदा आता माझ्या घरी आहे. झोपण्याआधी स्वयंपाकाचा ओटा आवरते, पण गॅस सिलिंडरचं बटण मुद्दाम चालू ठेवते. विचारलं नाही, विचारायची गरज नाही. कधी कधी वाटतं, हळूच उठून आपणच ते बंद करून यावं. बटणापर्यंत जातो आणि परत फिरतो.

सकाळी चहा ठेवण्यापूर्वी ती खाली वाकून बटण पाहते. ते चालूच असतं.