पायापुरता उजेड

रखरखीत दुपारी गाडीवर काळी ताडपत्री टाकून आत डोळे मिटून बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बीडमधून नेकनूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, टायरच्या दुकानाला लागून त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. गाड्यांच्या आत रंगीत दिवे बसवायचे, त्यांचा रंग आणि उजेड जुळवून द्यायचा, हे त्यांचं काम. सगळे त्यांना लाइटवाले चाचा म्हणत. ताडपत्रीखाली अंधार झाला की ते आत शिरत, दार लावून घेत आणि मिनिटभर डोळे मिटत. “डोळ्याला आधी अंधाराची सवय होऊ द्या,” ते म्हणत, “मंग उजेड किती पायजे ते डोळाच सांगतो.”

मी त्यांच्याकडे गेले ती दिवे काढून टाकायला. आमचे हे गेल्यानंतर वर्षभराने मी एक जुनी गाडी घेतली होती, कारण नेकनूरच्या शाळेतून परतताना एसटीत रोज कुणीतरी विचारायचं, ‘आता घरी कोण असतं?’ गाडीचा आधीचा मालक हौशी असावा. डॅशबोर्डखाली, दारांना, छताला, सगळीकडे निळ्या-जांभळ्या पट्ट्या. बटण बिघडलेलं, त्यामुळे त्या बंदही होत नसत. एकदा हिवाळ्यात दिवेलागणीला परतताना तो निळा उजेड समोरच्या काचेवर पडला आणि पुढची उसाची ट्रॉली मला दिसलीच नाही. दिसली तेव्हा मध्ये हातभर अंतर उरलं होतं.

“सगळं उपटून टाका,” मी चाचांना म्हणाले.

“उपटायला काय, दोन मिनिटं. पर गाडीत बसतं कोन?”

“मीच. एकटी.”

त्यांनी छतावरच्या पट्ट्या काढल्या, पायाशी आणि दाराशी मंद केशरी उजेड ठेवला, वरच्या कडेला काळी टेप लावली. काच स्वच्छ दिसायला लागली. “उजेड पायापुरता असावा. नजरेच्या आडवा येऊ नये.”

शेजारच्या सीटकडचा दिवा बंदच करा, तिथं कुणी बसत नाही, असं मी म्हटलं. त्यावर माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या मॅडम. तिकडं काळंकुट्ट झालं की नजर सारखी तिकडंच जाती.” त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, हे मला नंतर कळलं.

पुढे मी रविवारी काहीबाही निमित्त काढून दुकानात जाऊ लागले. चाचा चहा मागवत. गिऱ्हाइकांशी त्यांचं भांडण ठरलेलं. लग्नाच्या गाडीला लाल दिवे मागणाऱ्या एकाला त्यांनी सुनावलं, “लाल कावून? गाडी हाय का भट्टी? नवरी घाबरंल की बे!” तो हसत हसत पिवळे लावून गेला.

एका रविवारी त्यांनी एका गाडीत दुधी पांढरा रंग जुळवला आणि मला दाखवला. मी आत डोकावले. उजेड चक्क हिरवा होता.

“चाचा, हा हिरवा आहे.”

बटणावरचा त्यांचा हात तसाच राहिला. “लई दिवस झाले, रंग वळखू येत न्हाईत,” ते हळू आवाजात म्हणाले. “गिऱ्हाइकालाच इचारून करतो. कुनाला बोलू नका मॅडम. हे काम गेलं तर दिवसभर करू काय मी?”

मी कुणाला बोलले नाही. उलट दर रविवारी त्यांच्याबरोबर ताडपत्रीखाली बसू लागले. ते बटण फिरवत, मी सांगत असे, पिवळा जास्त झाला, आता थोडा कमी करा. खरं सांगायचं तर त्या काळात माझं मत दुसरं कुणी विचारतच नव्हतं.

मग वर्षभराने एक दिवस चाचा दुकानाच्या पायरीवरून पडले. परभणीहून त्यांची मुलगी आली, त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही गेले. काचबिंदू निघाला. वर्षभर आधी आणलं असतं तर थोडी तरी नजर वाचली असती, गेलेली आता परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी माझ्याकडे वळली. “तुम्ही तर दर रविवारी यायच्या. तुम्हाला काहीच कळलं नाही?”

“नाही,” मी म्हणाले. चाचा शेजारीच बसले होते.

दुकान रिकामं करून ते परभणीला गेले. मी फोन करत असे. तीन-चार महिन्यांनी एकदाचा धीर केला. “चाचा, मी तुम्हाला दवाखान्यात न्यायला हवं होतं.”

ते म्हणाले, “तुमी दवाखान्याचं नाव काढलं असतं तर मी तुमाला दुकानात येऊ दिलं नसतं. मंग दोघंबी एकलेच ऱ्हायलो असतो.”

ही माफी होती की नुसती माझी समजूत घातली, ते विचारायचं राहून गेलं. यंदाच्या उन्हाळ्यात चाचा गेले.

मी परभणीला भेटायला गेले. मुलीने आत बोलावलं, पाणी दिलं. मी तिला सगळं सांगितलं, हिरव्या उजेडापासून दवाखान्यातल्या त्या ‘नाही’पर्यंत. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“अब्बांनी सांगितलं होतं मला,” ती म्हणाली. “पण तुमच्या तोंडून ऐकायचं होतं.”

तिने चहा केला. निघताना ती दारापर्यंत आली. पुन्हा या, असं मात्र ती म्हणाली नाही.